बारावीचे प्रमाणपत्र काय सांगते?

पट्टीच्या शून्यावर एक टोक टेकवून ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली, तर ग्रामीण भारतातील १४ ते १८ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुले-मुली अचूक उत्तर देतात. तीच वस्तू शून्यापासून थोडी पुढे सरकवून ठेवली, की अचूक उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत घसरते. ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीतील ही नोंद आहे. २६ राज्यांमधील २८ जिल्ह्यांत, ३४ हजारांहून अधिक युवकांच्या घरी जाऊन ती पाहणी करण्यात आली होती. चारपैकी एका युवकाला स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमले, हेही तीतच नोंदवलेले आहे. वृत्तपत्रांनी हे आकडे ठळक छापले. मला मात्र पट्टीचा आकडा अधिक बोलका वाटतो. वजाबाकी न येणे ही एक गोष्ट. ती येत असूनही इथे ती करायची आहे हे न सुचणे, ही दुसरी. महाविद्यालयात आणि नोकरीत कोणतीच वस्तू शून्यावर ठेवलेली मिळत नाही.

या पाहणीतील सगळेच युवक बारावी उत्तीर्ण नव्हते, हे खरे. काही नववीत होते, काहींनी शाळा सोडलेली होती. परंतु ८६ टक्क्यांहून अधिक जणांची कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत नावनोंदणी होती, आणि त्यांच्यापैकीच बरेच जण पुढच्या दोन-तीन वर्षांत बारावीचे प्रमाणपत्र घेऊन महाविद्यालयाच्या किंवा कारखान्याच्या दारात उभे राहणार होते. त्या दारातील माणसाला ते प्रमाणपत्र काय सांगते? माझ्या मते, फार थोडे. रांगेत हा विद्यार्थी साधारण कितवा होता, एवढे ते सांगते. त्याला काय करता येते हे सांगण्यासाठी ते कधी घडवलेच गेले नाही.

हे विधान इतिहासाच्या आधाराने करतो आहे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा शालान्त परीक्षा अशी वेगळी काही नव्हतीच. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा हीच शाळेची अखेरची परीक्षा ठरली. म्हणजे शाळेने काय शिकवायचे, हे शाळा संपल्यानंतरच्या संस्थेने ठरवले, आणि जो विद्यार्थी त्या संस्थेत जाणार नव्हता त्याचा विचार कोणीच केला नाही. साठ वर्षांनी, १९१७ मध्ये, मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोग नेमला गेला. १९१९च्या त्याच्या अहवालाने दुखणे अचूक ओळखले. शाळा आणि विद्यापीठ यांच्यातील सीमारेषा मॅट्रिकवर नव्हे, तर दोन वर्षांनी पुढे, इंटरमीडिएटवर हवी. त्या दोन वर्षांसाठी स्वतंत्र संस्था हव्यात. आणि त्यांत कला व विज्ञानाबरोबरच अध्यापन, अभियांत्रिकी, वैद्यक अशा व्यवसायांची पायाभरणीही व्हावी, असे आयोगाने सुचवले. १९२१ साली अलाहाबादेत स्थापन झालेले हायस्कूल आणि इंटरमीडिएट शिक्षण मंडळ हे याच विचारांचे अपत्य. आज त्याला ‘यूपी बोर्ड’ म्हणतात. त्याच्या दहावी-बारावीच्या परीक्षांना मिळून दरवर्षी पन्नास लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात.

सीमारेषा पुढे सरकली, मधली दोन वर्षे निर्माण झाली, परंतु त्यांचा हेतू वाटेत सांडला. आजही ती दोन वर्षे कुठे शाळेत आहेत, कुठे महाराष्ट्रासारखी कनिष्ठ महाविद्यालयात, तर बिहारमध्ये पदवी महाविद्यालयांतून इंटरचे वर्ग पूर्णपणे हटवण्यास २०२४ साल उजाडावे लागले. घर कोणाचे हेच ठरत नसेल, तर त्यात काय मांडायचे याचा विचार कोण करणार? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये तो पुन्हा केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातले. शिक्षणाच्या प्रशासनाचा त्यांच्याइतका सूक्ष्म अभ्यास केलेला माणूस त्या पिढीत विरळा. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यावसायिक शिक्षणात असावेत, अशी आयोगाची अपेक्षा होती. १९८६ उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने उद्दिष्ट खाली आणले: १९९० पर्यंत १० टक्के, १९९५ पर्यंत २५ टक्के. तेही गाठले गेले नाही. २०२० च्या धोरणाने पुन्हा निम्म्याचा आकडा उच्चारला, २०२५ पर्यंत. मात्र आता शब्द ‘शिक्षण’ नसून व्यावसायिक शिक्षणाची ‘ओळख’ असा होता. ‘असर’च्या पाहणीत त्या काळात कोणतेही व्यावसायिक प्रशिक्षण घेत असलेले युवक आढळले ५.६ टक्के. सरकारी नोकरीत मी अनेक उद्दिष्टे पाहिली. जी गाठली जात नाहीत त्यांची मुदत वाढवतात, असा अनुभव आहे. परंतु चोपन्न वर्षांनी तोच अंक नव्या शाईत लिहिला जाणे हे त्यातही दुर्मीळ.

आता प्रमाणपत्राकडे वळू. १९९२ साली उत्तर प्रदेश सरकारने परीक्षेतील कॉपी हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवला. मी तेव्हा त्या राज्यात एका जिल्ह्यात तरुण अधिकारी होतो. परीक्षा केंद्रांबाहेर पोलीस होते. आत शांतता होती. अनेक विद्यार्थ्यांनी परीक्षेकडे पाठ फिरवली, अनेकांनी कोऱ्या उत्तरपत्रिका दिल्या. त्या वर्षी हायस्कूलचा निकाल १५ टक्क्यांच्याही खाली लागला आणि इंटरमीडिएटचा सुमारे ३० टक्के. जिल्ह्याजिल्ह्यांत संताप उसळला, पुढच्या निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला आणि नव्या सरकारने कायदा मागे घेतला. या प्रसंगाची चर्चा नेहमी कायदा योग्य की जुलमी, या अंगाने होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तुरुंगात टाकणारा कायदा मला तेव्हाही पटला नव्हता. पण निकालाचा अर्थ कायद्याच्या बऱ्यावाईटपणावर अवलंबून नाही. दहा-बारा वर्षे शाळेत गेलेल्या मुलांना शाळेने काय दिले, याचे एवढे उघडे मोजमाप आधी झाले नव्हते. त्यावर आपण काय केले? मापन बंद केले. निकाल पुन्हा ‘सुधारले’. त्या मुलांचे शिक्षक, त्यांची पाठ्यपुस्तके, त्यांच्या शाळांतील रिकाम्या जागा, सगळे होते तसेच राहिले.

निकाल सुधारत गेले ते इतके की, गुणांच्या टोकाला जागा उरली नाही. २०११ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने वाणिज्य न शिकलेल्या उमेदवारांसाठी पहिल्या यादीची मर्यादा १०० टक्के लावली, तेव्हा देशभर चेष्टा झाली. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठातील अनेक महाविद्यालयांत शंभर टक्के ही नेहमीची गोष्ट झाली होती. पन्नासहून अधिक मंडळांच्या गुणांची तुलना करायची कशी, हा प्रश्न खराच होता. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी’ ही सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि गुणवत्ता यादीचे ओझे मंडळांच्या खांद्यावरून उतरले.

प्रशासकीय दृष्टीने हा उपाय समर्थनीय आहे. १३ भाषांत परीक्षा देता येते, हेही लहान काम नाही. पण त्याने काय साधले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडायला हवा. ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. मंडळाच्या परीक्षेत, कितीही पाठांतर असले तरी, विद्यार्थ्याला निदान पानभर लिहावे लागत होते. जिथे पुढची तीन-चार वर्षे वाचून, समजून, लिहून दाखवायचे आहे, त्या विद्यापीठाच्या दारात आता एक वाक्यही लिहावे लागत नाही. आणि मंडळाची परीक्षा केवळ पात्रतेपुरती उरल्यावर शाळेचा वर्ग ओस पडतो. नाव एका शाळेत आणि दिवस शिकवणीवर्गात, ही ‘डमी शाळां’ची रीत पूर्वी कोट्याला जाणाऱ्या विज्ञानाच्या मुलांपुरती होती. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांना बजावले. पण बारावीचा विद्यार्थी साधारण सतरा वर्षांचा असतो.

या गदारोळात बहुसंख्य विद्यार्थी दिसतच नाहीत. ते आयआयटीला जाणार नाहीत आणि दिल्लीलाही नाहीत. ‘असर’च्या पाहणीतील अकरावीच्या पुढचे निम्म्याहून अधिक युवक कला शाखेत होते. देशातील पदवीच्या विद्यार्थ्यांतही सर्वांत मोठा गट कला शाखेचाच आहे, तिघांतील एकाहून थोडा अधिक. जवळच्या संलग्न महाविद्यालयात प्रवेश, जमेल तशी हजेरी, बाजारातील गाइड आणि सोबत एखाद्या भरती परीक्षेची तयारी, असा त्यांचा क्रम असतो. इतिहास हा विषय बरेचदा ते आवडीने नव्हे, उरला म्हणून घेतात. माझ्या विषयाबद्दल हे लिहिताना वाईट वाटते.

निवृत्तीआधी काही वर्षे एका कारकुनी भरतीच्या कौशल्य चाचणीवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आले होते. किमान पात्रता बारावी. एका शेतकऱ्याचा पानभर तक्रार अर्ज द्यायचा आणि त्याचे म्हणणे तीन ओळींत मांडायला सांगायचे, एवढाच प्रश्न. बहुतेक उमेदवारांनी अर्जातील पहिली तीन वाक्ये सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. त्यांत नमस्कार होता, अर्जदाराचे गाव होते. तक्रार चौथ्या परिच्छेदात होती. यांतील कितीतरी जण पदवीधर होते. ती मुले मठ्ठ नव्हती. उताऱ्याच्या सुरुवातीलाच उत्तर सापडते, हे त्यांना बारा वर्षे शिकवले गेले होते आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते.

अशा उमेदवारासमोर नोकरी देणारा काय करतो? प्रमाणपत्रावर विश्वास नसला की तो पायरी वाढवतो: बारावी पुरेसे असलेल्या कामाला पदवी मागतो, पदवीच्या कामाला पदव्युत्तर. म्हणून मुले महाविद्यालयात थांबून राहतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर युवकांतील बेरोजगारी २९ टक्क्यांवर होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांत साडेतीन टक्क्यांच्याही आत. निरक्षराला बेरोजगार राहणे परवडत नाही, हे त्याचे अर्धे स्पष्टीकरण. उरलेले अर्धे २०१५ मध्ये लखनौत दिसले. सचिवालयातील ३६८ शिपाईपदांसाठी २३ लाखांहून अधिक अर्ज आले, त्यांत पीएच.डी. झालेलेही होते. पात्रता होती पाचवी उत्तीर्ण आणि सायकल चालवता येणे. या दोहोंपैकी सायकलचीच खात्री डोळ्यांसमोर करून घेता आली असती.

महाविद्यालयीन प्राध्यापक शाळेला दोष देतात, शाळा प्राथमिक वर्गांना, आणि उद्योजक सर्वांना. हे दोषारोप खरे असले तरी निष्फळ आहेत, कारण या सांध्याला मालक नाही. दिल्लीत शालेय शिक्षण आणि उच्च शिक्षण हे दोन स्वतंत्र विभाग आहेत. २०१४ पासून कौशल्य विकासाचे निराळे मंत्रालय आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था त्याच्याकडे गेल्या. बहुतेक राज्यांतही अशीच विभागणी आहे. बारावीचा निकाल लागला की शालेय विभागाची जबाबदारी संपते. महाविद्यालयाची सुरू होते ती प्रवेश शुल्काच्या पावतीपासून. पहिल्या वर्षी किती जण नापास झाले, किती गळाले, ते कोणत्या शाळांतून आले होते, ही माहिती उलट दिशेने शाळेकडे नेणारा रस्ताच नाही. मंडळांमध्ये समानता आणण्यासाठी २०२३ मध्ये ‘परख’ हे केंद्र स्थापन झाले. त्याचे काम उपयुक्त आहे, पण रांगा एकमेकींशी जुळवल्याने रांगेतल्याला काय येते ते कळत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशानंतर पहिल्या महिन्यात, कोणालाही न वगळता आणि गुण न देता, एक चाचणी घ्यावी: एक पान वाचून त्याचा आशय लिहिणे, एक तक्ता समजून घेणे, कर्जाच्या परतफेडीचा हिशेब करणे. ज्यांना गरज आहे त्यांना पहिल्या सत्रात त्यासाठीच शिकवावे, आणि त्या तासांना इतर विषयांइतकेच श्रेयांक द्यावेत. अन्यथा तिथे कोणी फिरकणार नाही. चाचणीचे शाळावार निष्कर्ष मंडळाकडे जावेत. माध्यम बदलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे दुप्पट आवश्यक आहे: हिंदी, ओडिया किंवा मराठीतून शिकून आलेल्या मुलीला इंग्रजी व्याख्यान कळत नाही तेव्हा ती विषयात कच्ची असतेच असे नाही.

यात नवे काही नाही. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम कित्येक वर्षे चालू आहे. तो उत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा प्रवेश परीक्षा न देता पुढच्या वर्षी प्रवेश मिळतो. दारात थोडक्यात अडलेल्यांना आत घेऊन शिकवण्याची जबाबदारी तिथे संस्थेने स्वतःकडे घेतली आहे. जिल्ह्याच्या गावातील कला महाविद्यालयाला वर्ष नको, एक सत्र पुरे. त्यासाठी लागणारे शिक्षक मात्र हवेत, आणि प्राध्यापकांच्या रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाकडून हे काम होणार नाही. खर्चाचा प्रस्ताव शालेय विभागाने मांडायचा की उच्च शिक्षण विभागाने, एवढे जरी एखाद्या राज्याने ठरवले, तरी उरलेली फाईल मी पाहिलेल्या कितीतरी फायलींपेक्षा पातळ असेल.