येडी बाभळ: निम्म्या शिव्या रास्त, निम्म्या नाहीत

बीड जिल्ह्यात गायरान म्हणा, रस्त्याची कड म्हणा, सिंदफणा नदीचा काठ म्हणा, येडी बाभळ नाही अशी जागा शोधावी लागते. तिला शिव्या घालताना मात्र खऱ्याखोट्याची सरमिसळ होते.

मुळात ती बाभळीची जातच नव्हे. दसऱ्याला आपण पुजतो त्या शमीची ती नातलग. गावठी बाभळीला पिवळेधमक गोंडे येतात आणि मण्यांच्या माळेसारख्या पांढुरक्या शेंगा. येडीला बोटभर लांब, फिकट पिवळे तुरे येतात. शेंगा सरळसोट, पिकल्यावर पिवळ्या आणि चवीला गोड. सुबाभूळ आणखी वेगळी, तिला तर काटेच नसतात.

येडी बहात्तरच्या दुष्काळात सरकारने आणली, हेही खरं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं हे झाड १८७७ च्या सुमारास आंध्रातल्या कडप्पा भागात लावलं गेलं. जळण मिळावं, उजाड माळ झाकावेत, एवढाच हेतू. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये त्याला शाही वृक्षाचा मान दिला होता!

‘ती पाऊस पळवते, प्राणवायू सोडत नाही’ हा तर पारावरचा विनोद. हिरवं पान असलेलं झाड प्राणवायू सोडतंच, आणि बीडचा पाऊस कमी आहे तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे. मुळं खोल जातात, जमिनीतलं पाणी ती पिते, गर्दी झाली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. या तक्रारी खऱ्या. पण चोपण, खारवट जमिनीत, सामू दहाच्या आसपास असला तरी ती तग धरते. तिथे दुसरं काय लावणार?

शेळ्या तिचा पाला सहसा खात नाहीत, शेंगा मात्र आवडीने खातात. कठीण बी न पचता लेंडीतून बाहेर पडतं आणि नव्या रानात रुजतं. शेंगा बियांसकट भरडून खाऊ घातल्या तर खुराकही होतो आणि पसाराही थांबतो. नुसत्या शेंगांवर मात्र जनावर ठेवू नये, आजारी पडतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘तोडली की संपली’. खोडाच्या बुडाशी, मातीखाली सुप्त डोळे असतात. एका खोडाच्या जागी झुडूप फुटतं. तेव्हा रोप लहान असतानाच उपटा, मोठं असेल तर बुंधा मुळासकट खणून काढा. आणि कुऱ्हाड उचलण्याआधी शेंग बघा, येडीच्या नावाखाली गावठी बाभूळ आणि हिवराचं झाड आडवं करू नका.