क्रूझला जाण्याआधी मुंबईत जेवायचं कुठे?

पुण्याहून सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन पकडली, तर १०.२५ ला तुम्ही सीएसएमटीला पोहोचता. क्रूझ सुटते ती बॅलार्ड पिअरवरून, टॅक्सीने काही मिनिटांवर. मग मधल्या वेळात चांगलं जेवण कुठे शोधायचं?

आधी हा परिसर समजून घ्या. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट हा ऑफिसांचा भाग. इथली बरीच जुनी हॉटेलं नोकरदारांच्या दुपारच्या जेवणावर चालतात. त्यामुळे ताट पटकन येतं, पण एक ते दोनमध्ये गर्दी असते आणि रविवारी अनेक ठिकाणी शटर खाली असतं.

बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' १९२३ पासूनचं. इराणहून येणाऱ्या आंबट बेरी घातलेला तिथला पुलाव प्रसिद्ध आहे. मंगळुरी पद्धतीचे मासे हवे असतील, तर फोर्टमध्ये 'महेश लंच होम' आहे.

फक्त स्टार बघू नका. रिव्ह्यू 'नवीन आधी' लावून वाचा, फोन करून हॉटेल सुरू आहे का विचारा आणि साडेबाराच्या आत टेबल गाठा.

एक लक्षात ठेवा: चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावरची ती वेळ बघूनच ऑर्डर द्या. पुलाव परतीच्या दिवशीही मिळेल, जहाज थांबणार नाही!