नर्सिंग होमची तपासणी: कर्जत-खालापुरातले काही पक्के गैरसमज

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात नर्सिंग होम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते खाली मेडिकल आणि वर दहा-पंधरा खाटा असलेलं खासगी हॉस्पिटल. बाळंतपण असो, सर्पदंश असो, द्रुतगती मार्गावरचा अपघात असो, माणूस बहुतेक वेळा आधी तिथेच नेला जातो. वैद्यकीय अधिकारी म्हणून मी या दवाखान्यांच्या तपासणी पथकांत गेलो आहे. या कामाबद्दल लोकांच्या, आणि खरं तर डॉक्टरांच्याही, मनात ज्या समजुती आहेत, त्यातल्या काही रुग्णाच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून हे लिहितो.

गैरसमज: सरकारात 'नर्सिंग होम इन्स्पेक्टर' नावाचा माणूस असतो, त्याचं तेवढंच काम असतं.

असं पद आपल्याकडे नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 चा. सुरुवातीला तो मोजक्या शहरांपुरता होता, पुढे राज्यभर लागू झाला. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आजही आधार याच जुन्या कायद्याचा आणि त्याच्या नियमांचा. महापालिकेच्या हद्दीत महापालिका पाहते. रायगडात ती एकच, 2016 मध्ये झालेली पनवेलची. कर्जत, खोपोली, माथेरान या नगरपरिषदा, खालापूर नगरपंचायत आणि बाकीची खेडी यांची सूत्रं अलिबागहून हलतात, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांच्याकडून. प्रत्यक्ष दारात उभे राहतात ते उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर. सकाळची ओपीडी उरकून, दुपारची मीटिंग पुढे ढकलून ते आलेले असतात. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तालुक्याची आरोग्य यंत्रणा तिकडे धावली. अशा दिवसांत तपासणीचं वेळापत्रक कुठे राहतं? या कामासाठी वेगळी माणसं हवीत, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या कामातून उरलेल्या वेळात ही देखरेख नीट होत नाही.

गैरसमज: भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळतं, मग नूतनीकरण. या तीन वर्षांत सिस्टर बदलतात, डॉक्टर बदलतात, वायरिंग जुनं होतं, वर आणखी एक मजला चढतो. आग प्रतिबंधाच्या 2006 च्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत 'बी फॉर्म' घ्यावा लागतो, यंत्रणा चालू आहे असं सांगणारा. फाइलमध्ये तो मिळतोही. तरी जिना चढून पाहावंच लागतं, कारण मागच्या दाराला कुलूप असतं आणि जिन्यात सलाईनची खोकी रचलेली असतात. विरारच्या खासगी रुग्णालयात 23 एप्रिल 2021 च्या पहाटे अतिदक्षता विभागाला आग लागून डझनभराहून अधिक कोविड रुग्ण गेले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. ते रुग्णालय सरकारी होतं आणि शुश्रूषागृह कायदा सरकारी रुग्णालयांना लागूच नाही, हेही इथेच सांगायला हवं. खासगीवाल्यांना नियम दाखवताना आपल्या घरचं काय, हा प्रश्न त्या बाळांनी आम्हा सरकारी लोकांपुढे कायमचा ठेवला आहे.

चांगली तपासणी कागदावर थांबत नाही. मी मेन स्विच बंद करायला सांगत असे. पावसाळ्यात कर्जत पट्ट्यात वीज जातेच. मग इन्व्हर्टरवर नुसता बल्ब लागतो की ऑपरेशन थिएटरमधलं सक्शन मशीनही चालतं, हे तेव्हाच कळतं. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो, पण तो उघडायची चावी कुठे आहे? ती सिलिंडरलाच बांधलेली हवी. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असेल आणि ड्रॉवरची किल्ली डॉक्टरांच्या घरी, तर रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाला त्या भरलेल्या सिलिंडरचा उपयोग शून्य. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत आहे की खिडकीतल्या ट्रेमध्ये, हे पाहायचं. आणि रात्रपाळीची सिस्टर शिकलेली आहे, की जवळच्या वाडीतली मुलगी पांढरा कोट घालून उभी केली आहे, हे तिलाच, तिचा अपमान न करता, विचारायचं. त्या मुलीची चूक नसते. तिला कमी पगारावर तिथे उभं करणाऱ्याची असते.

गैरसमज: कागद रंगवले की पथकाला काही कळत नाही.

एक रजिस्टर रंगवता येतं, सगळी एकमेकांशी जुळवून रंगवणं फार कठीण. भरतीच्या रजिस्टरमध्ये आठवडाभरात एकही शस्त्रक्रिया नाही आणि पिवळी पिशवी मात्र भरलेली, तर प्रश्न उभा राहतोच. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम साधे आहेत: रक्ताने भिजलेला कापूस आणि वार पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि 48 तासांच्या वर साठवायचं नाही. सोनोग्राफीचा 'एफ फॉर्म', गर्भपाताची नोंद, थिएटरचं रजिस्टर, कचऱ्याचं वजन, ही सगळी एकमेकांची साक्ष देतात. पाकिटं घेणारे अधिकारी नसतात असं मी म्हणणार नाही. पण नीट वाचलेलं रजिस्टर त्यांच्याविरुद्धही पुरावा होतं.

गैरसमज: दोष सापडला की लगेच सील ठोकायला हवं.

बोगस डॉक्टर सापडला तर गोष्ट वेगळी. तिथे पोलिसात गुन्हाच दाखल व्हायला हवा. पण डॉक्टर खरा, नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं किंवा सोयी अपुऱ्या, अशा ठिकाणी आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, मुदत, फेरतपासणी, आणि तरी सुधारणा नाही तर नोंदणी रद्द. लोकांना ही टाळाटाळ वाटते. कशेळे-खांडसच्या बाजूची ठाकर किंवा कातकरी बाई कळा देत असेल आणि जवळचं एकच चालू ठिकाण आपण त्याच दुपारी बंद केलं, तर तिला जीप करून कुठे न्यायचं, याचं उत्तर आधी हवं. मला या कामातला सर्वांत अवघड निर्णय हाच वाटत आला. मुदत द्यावी, पण तारीख लिहून, आणि त्या तारखेला परत जावं. बहुतेक वेळा हे परत जाणंच राहून जातं.

गैरसमज: वृद्धाश्रमांची तपासणीही हेच पथक करतं.

मुंबईच्या घरातून आई-वडिलांना नेरळ-कर्जतच्या मोकळ्या हवेत ठेवणारी कुटुंबं हे धरूनच चालतात. नुसतं राहणं-जेवण देणारा वृद्धाश्रम या कायद्यात येत नाही; तो विषय समाजकल्याण खात्याचा आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या चरितार्थ व कल्याण अधिनियमाचा. त्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागायचा तर अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, आणि कर्जतचे प्रांत कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांसाठी आहेत. मनोरुग्णांच्या संस्थांना 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते.

पण शुश्रूषागृहाच्या कायदेशीर व्याख्येत आजार आणि जखमेबरोबर दुर्बलताही आहे. अशांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा दिली जात असेल तर ते शुश्रूषागृह. मग एखाद्या फार्महाऊसमध्ये अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, नाकातून नळी आहे, कॅथेटर आहे, पाठीला जखम आहे, तर तो नुसता वृद्धाश्रम राहतो का? माझ्या मते नाही, आणि त्याची नोंदणी मागायलाच हवी. बाहेर 'आश्रम' अशी पाटी असल्यामुळे आरोग्य खातं आत जात नाही, समाजकल्याणला कॅथेटरमधलं कळत नाही, आणि आजींच्या पाठीची जखम कुणीच उलटून पाहत नाही. तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल तर रात्री कोणती शिकलेली सिस्टर असते, कोणते डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि तब्येत बिघडली तर कुठे हलवतात, ही तीन उत्तरं लेखी मागा, आणि भेटायला कधीतरी न कळवता जा.

गैरसमज: तक्रार करून उपयोग नाही.

तोंडी केली तर खरंच नाही. शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. ती नसेल तर तेवढ्याचीही तक्रार होऊ शकते. भरतीची तारीख, बिलाची प्रत, कुणी काय सांगितलं ते एका कागदावर लिहा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत अलिबागला जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा. पुढच्या तपासणीला पथक निघतं तेव्हा फाइलमध्ये असा एक जरी कागद असला, तरी कुठली खोली उघडायची आणि कुठलं रजिस्टर मागायचं हे आधीच ठरलेलं असतं.