कोरड्या घळीत तंबू का ठोकू नये?

गिरगावात किंवा लालबागला जुन्या चाळीत राहणाऱ्यांना घरगल्ली ठाऊक असतेच. दोन इमारतींमधली ती चिंचोळी फट! ऊन तिथे येते ते भर दुपारी, तेही घटकाभर. आता अशी कल्पना करा की, त्या भिंती काळ्या कातळाच्या आहेत, कुठे कुठे वीस मजले उंच आहेत आणि गल्ली दीड-दोन किलोमीटर लांब आहे. झाली सांदण दरी!

ही दरी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, रतनगडाजवळच्या साम्रद गावी आहे. दादरहून कसाऱ्याची लोकल धरायची आणि पुढे रस्त्याने घोटी, भंडारदरा करीत साम्रदला पोचायचे. हिवाळ्यात पाठीवर पिशवी टाकून, जाणत्या माणसाबरोबर निवांत जावे. घाई करण्यासारखे तिथे काही नाहीच. आत शिरताच गारवा जाणवतो. सुरुवातीलाच गार पाण्याचे डोह लागतात, मग धोंड्यांवरून चढ-उतार.

हा कातळ तुमच्या ओळखीचाच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्याच जातीचा काळा दगड परळच्या जुन्या चाळींच्या जोत्यांत दिसतो. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या. पावसाचे पाणी अशा एखाद्या भेगेची वाट धरते. मात्र एकटे पाणी कातळ कापत नाही, बरे का! त्याच्याबरोबर गडगडत येणारे धोंडे आणि वाळू कानशीचे काम करतात. म्हणून घळ रुंद होण्याआधी खोल होते.

चालून दमल्यावर घळीतच एखादी सपाट, वाळूची जागा दिसली, तर तिथेच तंबू ठोकावा असे वाटेल. वारा नाही, ऊन नाही, वर निळे आकाश. पण ती वाळू तिथे आणून पसरली कोणी? पुराने!

तुम्ही म्हणाल, “पाऊस नसेल तर पूर कुठून येणार?” 26 जुलै 2005 चा दिवस आठवा, म्हणजे घरच्यांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला अवघा 74 च्या आसपास. एकाच शहरात ही तऱ्हा! आणि हिंदमाताच्या चौकात जे पाणी तुंबत आले, ते सगळे तिथेच पडलेले थोडेच असते? आजूबाजूच्या उंच भागांतून ते त्या खोलगटात उतरते.

घळीचेही तसेच. समजा, वरच्या माळावर 1 चौरस किलोमीटर भागात 10 मिलिमीटर पाऊस पडला. ते झाले 1 कोटी लिटर पाणी. निम्मे मुरले असे धरू. उरलेले 50 लाख लिटर पाणी अर्ध्या तासात 1 मीटर रुंदीच्या फटीतून, सेकंदाला 2 मीटर वेगाने जायचे असेल, तर त्याची खोली होईल सुमारे 1.4 मीटर. म्हणजे तुमच्या गळ्यापर्यंत! आणि पळायला बाजूला जागा नाही.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप नावाची अशीच अरुंद घळ आहे. 12 ऑगस्ट 1997 रोजी वादळी पाऊस पडला तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला. घळीजवळ पाऊस फारसा नव्हताच. तरीही लोंढा आला आणि 11 पर्यटक दगावले. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, त्यामुळे वाळवंटातला पूर विशेष झपाट्याने येतो. आपल्याकडे पावसाळ्यात सांदणमध्ये उतरायचेच नसते, पण एप्रिल-मेमधला वळीवही काही सांगून येत नाही.

तेव्हा मुक्काम वर, साम्रदच्या पठारावर करा. तिथे वारा झोंबेल, पण आकाश घळीतल्यासारखे पट्टीएवढे न दिसता सगळे दिसेल. आणि दुसऱ्या दिवशी घळीत उतरलात, की दोन्ही भिंतींच्या कपारी नीट न्याहाळा. वाळके गवत, काटक्या अडकलेल्या दिसल्या, तर त्या तुमच्या डोक्यापेक्षा किती वर आहेत ते वहीत टिपून ठेवा. पाणी निदान तिथवर चढले होते.