प्रीती आणि पंक्तिभेद

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ संपला म्हणजे गिरगावच्या सेंट तेरेजा चर्चमध्ये आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये लग्नांची गर्दी सुरू होते. विवाहविधीत बायबलमधील जे उतारे वाचले जातात त्यांत संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय विशेष आवडीचा आहे. प्रीती सहनशील असते, ती स्वार्थ पाहत नाही, ती नसेल तर वक्तृत्व, ज्ञान आणि दानधर्म यांना काही किंमत राहत नाही, असा त्याचा आशय. नवपरिणित जोडप्याला आशीर्वाद म्हणून तो शोभतोही. परंतु पौलाने तो कोणा वधूवरांसाठी लिहिलेला नव्हता. तो त्याने एका भांडखोर मंडळीची कानउघाडणी करताना लिहिला, आणि ते भांडण बऱ्याच अंशी जेवणाच्या पंगतीवरून होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथ हे दोन सागरांमधील व्यापारावर जगणारे, नाना देशींच्या लोकांनी गजबजलेले बंदर होते. तेथील ख्रिस्ती समूहात सुखवस्तू घरमालक होते आणि गुलामही होते. प्रभूच्या स्मरणार्थ सर्वांनी एकत्र जेवावे असा प्रघात होता. प्रत्यक्षात ज्यांना सवड आणि साधने होती ते आधी येऊन पोटभर जेवत, मद्यही घेत. दिवसभर राबून उशिरा येणारे उपाशी राहत. पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल यावर संतापलेला दिसतो. देवाच्या मंडळीचा तुम्ही अवमान करता काय, गरिबांना लाजवता काय, असा त्याचा रोख आहे. त्यानंतर अवघ्या दोनच अध्यायांनी प्रीतीचे ते विख्यात वर्णन येते. म्हणजे ज्या प्रीतीविषयी तो बोलतो ती हृदयात उचंबळणारी भावना असण्यापूर्वी पंगतीची व्यवस्था आहे. कोण आधी बसतो, कोणासाठी थांबतात, कोणाच्या ताटात काय पडते, यावरून ती ओळखायची.

मराठी वाचकाला हे समजावून देण्यास फारसे सायास पडू नयेत. पंक्तिभेद हा शब्द आपल्याच भाषेने घडवला आहे. आणि मराठी प्रॉटेस्टंटांनी चर्चसाठी जो शब्द निवडला तो 'मंडळी' हा. घरातल्या माणसांना आपण घरची मंडळी म्हणतो तोच. सामुदायिक भोजनाला ते 'प्रीतिभोजन' म्हणतात. भाषांतरकारांनी हे शब्द योजले तेव्हा आपण किती मोठी हमी देत आहोत याची त्यांना कितपत कल्पना होती, कोण जाणे. ज्या समाजात पाण्याचा एक घोट माणसाला जातीबाहेर टाकू शकत होता, त्या समाजात परक्यांना घरची मंडळी म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

ती किती साधी नव्हती हे मुंबईने १८४३ मध्ये पाहिले. डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या प्रभावाखाली त्या वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजाण मुलगा. त्याचे प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तरीही तो ख्रिस्ती माणसांच्या घरी राहिला आणि जेवला होता, एवढे कारण त्याला बहिष्कृत मानण्यास पुरेसे ठरले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला तेव्हा सनातन्यांनी बाळशास्त्र्यांवरच गहजब केला. धर्म कोणता हे श्रद्धेवरून ठरत नव्हते, ताटावरून ठरत होते. थोरला भाऊ नारायण पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवून त्याने प्रामुख्याने मांग समाजातील ख्रिस्ती लोकांमध्ये आयुष्य घालवले. प्रीतीवर त्याने व्याख्याने दिली असतीलच. परंतु त्याने आपले पान कोठे मांडले हेच त्याचे खरे भाष्य होय.

सर्वांनाच हे साधले असे मात्र नाही. ख्रिस्ती समाजाचा मुंबईतील इतिहास पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. प्रीती सर्वाधिक कार्यक्षम असते ती आपल्या माणसांपुरती. याचे उत्तम उदाहरण म्हणजे धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांतील गोवेकरांचे कूड. बोटीवर नोकरी शोधणारे खलाशी, खानसामे, वादक, शिंपी मुंबईत आले म्हणजे त्यांना आसरा देण्यासाठी गोव्यातील गावोगावच्या लोकांनी हे क्लब काढले. एकेका गावाचा एकेक कूड. अल्पशी वर्गणी, सामान ठेवायला पेटीपुरती जागा, रात्री पथारी टाकण्यापुरती जमीन आणि संध्याकाळी वेदीसमोर सर्वांनी मिळून म्हणायची रोझरीची प्रार्थना. कोणी आजारी पडला तर पाहायला माणसे असत, कोणी मेला तर दफनाचा खर्च निघे. बोट मिळेपर्यंतचे बेकारीचे महिने त्या पथारीवर निभावत. आज ज्यास सामाजिक सुरक्षा म्हणतात ती सरकारने देऊ करण्यापूर्वी कित्येक वर्षे ही माणसे एकमेकांना देत होती, आणि तीही कसलाही फॉर्म न भरता.

लालबाग-परळच्या वाचकाला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या बैठकीच्या खोल्या याच तत्त्वावर चालत. तेथे रोझरीच्या जागी भजन होते, एवढाच फरक. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांची मिळकत थांबली तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना तगवले ते गावाने आणि भावकीने. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हा परस्परांनी उतरवलेला विमा आहे. ज्याला आपण ओळखतो, ज्याच्या घरच्यांना आपले घरचे ओळखतात, त्याला मदत करण्यात धोका कमी असतो. आज दिलेले उद्या परत येण्याची शक्यता असते. अशा व्यवस्थेस कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांनी ती उपहासाने पाहिली त्यांना बहुधा धोबीतलावावर रात्र काढण्याची पाळी आलेली नसावी.

परंतु विम्याला सभासदत्वाची मर्यादा असते. कुडाचे दार गावाबाहेरच्या माणसाला सहसा उघडत नसे. पुष्कळ ठिकाणी त्या दाराशी जातही उभी असे. बाप्तिस्म्याने गोव्यातील बामण आणि चारडो, शूद्र हे भेद पुसले गेले नाहीत, आणि मिशनांच्या मंडळ्यांमधून महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती हे शब्दही लोप पावले नाहीत. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे त्यात उघडपणे मान्य केले. ही कबुली यायला फार उशीर झाला, तरी ती आली हे महत्त्वाचे. शासनाचा न्याय याहून विचित्र आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यांच्या धर्मात जात नाही, असे कारण पुढे केले जाते. म्हणजे त्याच्या मंडळीला जे साधले नाही ते साधले आहे असे गृहीत धरून त्याची नोकरी आणि शिष्यवृत्ती नाकारली जाते. धर्मग्रंथातील प्रीतीची किंमत एखाद्याला रुपयांत मोजावी लागते ती अशी.

सभासदत्वाची ही मर्यादा ओलांडू पाहणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंचे स्थान वेगळे आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात तेथील भगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तेथे मायेने देखभाल होत होती. अशा स्त्रियांना जवळ घ्यावे असे तुम्हांला का वाटते, हा रमाबाईंचा प्रश्न. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. ही गोष्ट सुरू होते ती विहिरीवर. ज्या जातीच्या भांड्याला यहुदी शिवत नसत त्या जातीच्या, आणि तीही बदलौकिक असलेल्या, बाईकडे येशू प्यायला पाणी मागतो. शास्त्री-पंडितांच्या घरात वाढलेल्या रमाबाईंना या पाणी मागण्याचा अर्थ इंग्लिश भगिनींपेक्षा अधिक कळला असेल.

मुंबईला परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी चौपाटीवर शारदा सदन उघडले. तेथे पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती गोदूबाई. हीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. या घराची एक गोष्ट विसरली जाते. चालिका ख्रिस्ती असूनही हिंदू मुलींचे सोवळेओवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक यांस तेथे पूर्ण मोकळीक होती. ज्या पंक्तिभेदावर रमाबाईंचा विश्वास उरला नव्हता तोही त्यांनी त्या मुलींच्या मनासाठी आपल्या छपराखाली चालू दिला. प्रीतीचे असेही एक रूप असते, आणि ते पंगत मोडणाऱ्या रूपाहून सोपे नसावे. सदन पुण्याला हलले. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये वादळ उठले, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींच्या श्रद्धेची काळजी पालकांना होती यात गैर काही नाही. विधवा मुलीला तिची श्रद्धा विचारण्याची चाल तेव्हा नव्हती, इतकेच. पुढे १८९६ पासूनच्या दुष्काळांत त्यांनी उपाशी मुलीबायकांना गोळा करून केडगावला आणले. १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे दोन हजार जणी होत्या. चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे फारसे पटले नाही. भटभिक्षुकांच्या जोखडातून कष्टाने सुटलेली मान दुसऱ्या पुरोहितांपुढे वाकवण्यास त्या तयार नव्हत्या.

प्रीतीच्या वाटेत आणखी एक अडथळा येतो, आणि तो पगारपत्रकाचा असतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो मार्ग पटायला पुढे काही वर्षे लागली, आणि 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे की त्यांचा खरा झगडा देवाशी नव्हता, शिवाशिवीशी होता. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा बावीस वर्षे केली आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. जेथे एक भाऊ पगार देणारा आणि दुसरा घेणारा असतो तेथे बंधुत्वाची भाषा अवघडते, हे टिळकांनी जाणले होते. मिशनरी व्यक्तिशः प्रेमळ असले तरी व्यवस्था मालक-नोकराचीच होती. दीड वर्षानंतर, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईतच निवर्तले.

त्याच मिशनने पुढे नागपाड्यात जे केले ते अधिक मोकळे होते. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशा मिश्र आणि बहुतांशी गरीब वस्तीत दवाखाना, वाचनालय, वर्ग, खेळ यांची सोय झाली. दारावर धर्म विचारला जात नव्हता. या कामासाठी शिकलेली माणसे हवीत, नुसता कळवळा पुरत नाही, हे मॅन्शार्ट यांच्या ध्यानात आले आणि १९३६ मध्ये त्याच इमारतीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा पदव्युत्तर अभ्यासक्रमात गेली, याचे कोणाला हसू येईल. पण शेजाऱ्याला क्षय झाला असेल किंवा पठाणी कर्ज झाले असेल, तर प्रेम करणाऱ्याला काहीतरी येत असणे बरे.

आता गिरगाव-परळची वस्तीच बदलली आहे. खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची घरे कमी होत चालली. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तरुण कुटुंबे वसई, मीरा रोड किंवा थेट कॅनडाला गेली. दादरचे पोर्तुगीज चर्च, ज्याची स्थापना १५९६ ची, चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७० च्या दशकात नव्याने उभे राहिले. मात्र रविवारी तेथे येणारा कोण कोणाच्या शेजारी राहतो हे सांगणे पूर्वीइतके सोपे उरलेले नाही. इंग्रजी मिस्साची वेळ वेगळी आणि मराठी वा कोंकणी मिस्साची वेगळी, ही सोय जेथे आहे तेथे कधी कधी भाषेबरोबर वर्गही वेगळा बसतो. पंक्तिभेदाला पान मांडावेच लागते असे नाही. हे ओळखूनच मुंबई धर्मप्रांताने १९८० च्या दशकापासून धर्मग्रामांची लहान लहान शेजारगटांत विभागणी केली. चाळीतील कारकून, इमारतीतील डॉक्टर आणि दोन्ही घरी कामाला जाणारी बाई यांनी एकाच दिवाणखान्यात बायबल वाचावे, ही कल्पना. काही गट चांगले चालतात, काही केवळ यादीत असतात.

ज्यांना चर्चपर्यंत येववत नाही अशा वृद्धांकडे प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन जाण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी सामान्य स्त्री-पुरुषांवर सोपवलेले आहे; त्यांत निवृत्त शिक्षिका असतात, बँकेतले कारकून असतात. विधीला पाच मिनिटे पुरतात. नंतर विजेचे बिल भरले आहे की नाही, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का, मुलाचा फोन आला होता का, हे विचारण्यात अर्धा तास जातो, आणि निघताना म्हातारीने केलेला चहा घ्यावाच लागतो.