बार झाल्यानंतरचा कुत्रा

शिकारी कुत्रा म्हटलं की आपल्याकडे कारवान आठवतो. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, ससा दिसला रे दिसला की सुटणार. कारवान, पश्मी, मुधोळ ही सगळी नजरेवर धावणारी कुत्री. सावज नजरेआड झालं की त्यांचं काम बहुतेक आटोपतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ जंगलांत मात्र अशी कुत्री घडवली गेली, ज्यांचं काम सावज दिसेनासं झाल्यावरच सुरू होतं. तेही ताबडतोब नाही. कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी.

संध्याकाळी बार होतो. तांबडं हरीण दचकतं, पाय झाडतं आणि झाडीत दिसेनासं होतं. गोळी लागली हे नक्की, पण कुठे ते ठाऊक नाही. अंधार पडतो, रात्री पावसाची सरही येऊन जाते. उजाडल्यावर भडक नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस लांब दोराला बांधलेला कुत्रा घेऊन येतो आणि त्या हरणाचा माग काढतो. हरीण मेलेलं असेल तर मांस वाया जात नाही. जिवंत असेल तर त्याचे हाल थांबतात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. जखमी जनावराचे हाल लांबू न देणं जर्मनीच्या शिकार कायद्यानेच बंधनकारक केलं आहे, आणि बहुतेक प्रांतांत त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण झालेला कुत्रा हाताशी असावा लागतो. ज्याला नेमाची खात्री आहे त्यालाही ही सोय करावी लागते. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण नेमाबद्दल फुशारकी न मारणारा शिकारी विरळाच.

या कुत्र्यांचा मूळपुरुष बंदुकीच्या आधीचा. मध्ययुगात राजेरजवाड्यांच्या शिकारीआधी दोराला बांधलेला कुत्रा पहाटे जंगलात नेत आणि मोठं हरीण कुठे दडलंय ते हेरत. भुंकायचं नाही, ओढायचं नाही, फक्त त्या एका हरणाचा थंड माग धरून ठेवायचा, हे त्याचं काम. पुढे बंदुका आल्या, घोड्यावरच्या हाकाशिकारी ओसरल्या. दुरून गोळी मारता येऊ लागली आणि त्याबरोबर अर्धवट जखमी होऊन निसटणारी जनावरंही वाढली. तोच मुका, चिकाटीचा कुत्रा आता बार झाल्यानंतरच्या कामाला लागला. हॅनोव्हरच्या दरबारी शिकारखान्यात त्याला पद्धतशीर वळण मिळालं. 1866 साली हॅनोव्हरचं राज्य प्रशियाने गिळंकृत केलं, दरबार गेला, पण वनरक्षकांनी कुत्रा सोडला नाही. 1894 मध्ये ‘हिर्शमान’ ही संस्था स्थापन झाली आणि हॅनोव्हेरियन जातीची निगराणी आजही तीच करते.

हॅनोव्हेरियन नर 50 ते 55 सेंटिमीटर उंच आणि 30 ते 40 किलोचा. रुंद छाती, तांबूस किंवा पट्ट्यापट्ट्यांचा रंग, कपाळावर आठ्या. अनोळखी माणसाशी तुटक, धन्याशी एकनिष्ठ. घाई हा प्रकार त्याला माहीत नाही. सपाट आणि टेकड्यांच्या जंगलात हे सगळे गुण ठरतात. आल्प्सच्या कड्यांवर मात्र हेच वजन आड येतं. म्हणून 1870 नंतर राइखेनहाल भागातल्या बॅरन कार्ग-बेबेनबुर्ग यांनी हॅनोव्हेरियनचा संकर डोंगरातल्या हलक्या तांबड्या कुत्र्यांशी केला आणि बव्हेरियन जात उभी राहिली. 1912 मध्ये म्युनिकला तिची स्वतंत्र संस्था निघाली. बव्हेरियन थोडा बुटका, चपळ, कड्यावरून उतरताना पाय नेमका टाकणारा. जखमी जनावर उठून पळालं तर पाठलागात तो हॅनोव्हेरियनपेक्षा तडफदार, असं बरेच जण म्हणतात. हॅनोव्हेरियनवाल्यांना अर्थातच हे मान्य नाही.

तिसरा ऑस्ट्रियाचा अल्पाइन डाक्सब्राके. उंची 34 ते 42 सेंटिमीटर, पाय आखूड, हाडपेर मजबूत. ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ 1880 च्या दशकात ही कुत्री घेऊन इजिप्त आणि तुर्कस्तानपर्यंत शिकारीला गेला होता. हा हरफनमौला गडी आहे: ससा-कोल्ह्यामागे भुंकत धावेल आणि दोराला बांधलं की माग काढायलाही लागेल. ज्या वनरक्षकाला एकच कुत्रा परवडतो त्याने हा घ्यावा.

आणि मग आपल्या ओळखीचा डॅशहाउंड. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत सोफ्यावर लोळणारा हा बुटका, तिकडे राठ केसांच्या रूपात अस्सल कामाचा कुत्रा आहे. आखूड पायांमुळे नाक जमिनीलगत, चाल माणसाच्या पावलाइतकीच. दोर धरून त्याच्या मागे चालणं सोपं जातं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात जखमी हरणामागे दोरावरचा कुत्रा नेण्याला कायद्याने परवानगी मिळवून देण्यात जॉन जिनेनी या प्राध्यापकाचा मोठा वाटा, आणि त्याचा भर याच राठ केसांच्या डॅशहाउंडवर होता. या डॅशहाउंडची मर्यादा एकच, पण मोठी. पाय मोडलेलं रानडुक्कर तीन पायांवर कित्येक किलोमीटर जातं, आणि गाठलं तर उलटतं. त्याला पळत जाऊन अडवायचं, भुंकून जागीच थोपवून धरायचं, हे या बुटक्याच्या आवाक्याबाहेरचं. तिथे हॅनोव्हेरियनच हवा.

लोकांचा एक गैरसमज असा की हा कुत्रा रक्ताचा वास धरून जातो. रक्त हा त्यातला एक धागा, आणि तोही पुष्कळदा दोन-तीनशे मीटरांवर तुटतो. चरबीने जखमेचं तोंड बंद होतं, रक्त आतल्या आत साचतं. कुत्रा धरतो तो त्या एका जनावराचा स्वतःचा वास. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात, प्रत्येक पावलाला ती खूण मागे राहते. शिवाय चिरडलेलं गवत आणि उकरलेली माती यांचाही वास असतो. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 20 कोटींहून अधिक, आपल्या नाकात 50-60 लाख. थंड, दमट हवेत माग टिकतो. कोरडं ऊन आणि वारा तो उडवून लावतात.

खरी कसोटी नाकाची नसते. नाक बहुतेक चांगल्या कुत्र्यांना असतं. वाटेत निरोगी हरणांचा कळप नुकताच आडवा गेलेला असतो, त्याचा घमघमाट सुटलेला असतो, आणि कुत्र्याने त्याकडे पाठ फिरवून कालच्या थंड मागाला चिकटून राहायचं असतं. हे शिकवण्यात दोन वर्षं सहज जातात.

सुरुवात दहा-बारा आठवड्यांच्या पिल्लापासून होते. जनावराच्या पोटाचा तुकडा थोडं अंतर ओढत न्यायचा आणि शेवटी खाऊ ठेवायचा. मग खास बूट येतात: तळव्याला हरणाचे खूर बसवलेले. ते घालून जंगलातून चालायचं, मधून मधून रक्ताचे थेंब टाकायचे, शेवटी हरणाचं कातडं ठेवायचं. कुत्र्याला घेऊन त्या मागावर जायचं ते काही तासांनी, पुढे पुढे रात्र उलटल्यावर. जर्मनीतल्या मोठ्या परीक्षेत माग किमान 1,000 मीटरचा, तीन काटकोनी वळणांचा, रक्त जास्तीत जास्त पाव लिटर, आणि तो टाकून 20 तास उलटलेले असतात. अवघड परीक्षेत 40. पाव लिटर म्हणजे चहाचे दोन-अडीच कप, एक किलोमीटरभर वाटून.

हौशी लोक इथे हमखास फसतात. रक्त जास्त सांडतात. कुत्रा झकास चालतो, मालक खूश होतो; पण कुत्रा शिकलेला असतो एवढंच की भरपूर रक्त असेल तर जायचं. प्रत्यक्षात रक्त संपलं की तो मान वर करून उभा राहतो. म्हणून जाणकार सांगतात, रक्त कमी करा, तास वाढवा. दुसरी चूक जास्त सूक्ष्म. माग मालकाने स्वतःच टाकलेला असतो, वळण कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि कुत्रा चुकला की हातातला दोर नकळत ताठ होतो. कुत्रा महा हुशार. मातीऐवजी तो मालकाचा हात वाचायला लागतो. उपाय एकच: माग तिसऱ्याने टाकायचा, आणि मालकाला वाट माहीत असू द्यायची नाही. हॅनोव्हरची जुनी शाळा तर त्याहून कडक. तिथे रक्ताशिवायच सुरुवात होते: सकाळी एक ठराविक निरोगी हरीण जाताना पाहून ठेवायचं आणि काही तासांनी तरुण कुत्र्याला त्याच्याच थंड मागावर लावायचं. बाकीच्या हरणांनी कितीही ये-जा केली असली तरी.

प्रत्यक्ष कामात कुत्र्याच्या आधी माणसाची परीक्षा होते. गोळी लागली त्या जागी कुत्र्याला बाजूला बसवून तो गुडघ्यांवर टेकतो. फिकट लाल, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर जवळच मिळेल. काळपट तांबडं म्हणजे यकृत. हिरवट घाण आणि उग्र वास म्हणजे गोळी आतड्यात. अशा वेळी तीन-चार तास तरी थांबायचं, नाहीतर बसलेलं जनावर उठून दूर जातं. हाडाचा कपचा सापडला तर लांबच्या पाठलागाची तयारी ठेवायची. शिकाऱ्याने आदल्या संध्याकाळी टॉर्च घेऊन तिथे चार माणसांसह हिंडून सगळं तुडवलेलं असेल तर या खुणा मिळतच नाहीत, आणि तुडवलेलं असतंच. मग कुत्रा निघतो. माणसाला वाटतं हा चुकीकडे चाललाय, हरीण तर ओढ्याकडे गेलं होतं. अनुभवी माणूस गप्प राहतो. शंका आलीच तर शेवटचा थेंब दिसला होता तिथवर मागे जाऊन कुत्र्याला पुन्हा लावतो. हरीण सापडलं की झाडाची छोटी डहाळी मोडून मृत जनावराच्या तोंडात ठेवतात, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी शिकाऱ्याला मिळते आणि तिचा एक तुकडा कुत्र्याच्या गळपट्ट्यात खोचतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे हे काम इथे उरलेलं नाही. मराठी वाचकाला यातला ओळखीचा म्हणावा असा एक, शिकारी-लेखक जिम कॉर्बेटचा कुत्रा रॉबिन. माग काढण्याची ही विद्या मात्र उलट्या दिशेने कामी येते आहे: वनखात्यांच्या श्वानपथकांतले जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉय चोरट्या शिकाऱ्यांचाच माग काढतात.

राहता राहिला जातींचा वाद. माझं मत विचाराल तर हॅनोव्हेरियन आणि बव्हेरियन यांच्यातला फरक वर्षाला पाच माग काढणाऱ्या आणि पन्नास काढणाऱ्या कुत्र्यांमधल्या फरकापुढे किरकोळ आहे. युरोपातल्या जुन्या संस्थांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून त्या पिल्लू देताना आधी विचारतात की तुमच्याकडे काम किती आहे. तेव्हा या सुरकुत्यांच्या कपाळाचा देखणा फोटो पाहून कुणी आपल्याकडे असं पिल्लू मागवायचा बेत करत असेल, तर कृपया करू नये. फ्लॅटसाठी इथे गावठी कुत्री पुष्कळ आहेत, आणि त्यांना घर हवं आहे.