मुद्दा खरा आहे, पण मुद्द्याला धरून आहे का?

मागच्या महिन्यात लॅबच्या मीटिंगमध्ये माझी पाळी होती. काचेवर सोल-जेल पद्धतीने पातळ थर, म्हणजे फिल्म्स बनवणं हे माझं रोजचं काम. काही फिल्म्सना वाळताना तडे जातात, का ते कळत नाही. मी तडे गेलेल्या अकरा फिल्म्सचा आलेख दाखवला. त्या दिवशीची हवेतली आर्द्रता आडव्या अक्षावर. ठिपके सगळीकडे विखुरलेले. दमट दिवशीही तडे, कोरड्या दिवशीही तडे. मी ठासून सांगितलं, "आर्द्रतेचा काही संबंध नाही."

पहिल्या वर्षाची ज्युनियर हळूच म्हणाली, "ताई, ज्यांना तडे गेले नाहीत त्या फिल्म्स कुठल्या दिवसांतल्या?"

मी म्हणाले, "अगं, आपण तड्यांबद्दल बोलतोय. चांगल्या फिल्म्सचा विषय वेगळा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मुद्द्याचं तीच बोलतेय. फाटे तू फोडतेयस."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझी आकडेवारी खरी होती, मग माझं बोलणं विषय सोडून कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका जुन्या आणि फार महागात पडलेल्या चर्चेपाशी येऊन थांबले.

तारीख २७ जानेवारी १९८६. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून चॅलेंजर हे अवकाशयान उडणार होतं. थंडीचा कडाका होता, रात्री पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज होता. यानाच्या बाजूचे दोन मोठे बूस्टर मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवायची. बूस्टरचे भाग एकमेकांना जोडतात तिथे रबराच्या मोठ्या कड्या असतात, त्या ओ-रिंग. आतला तापलेला वायू बाहेर निसटू न देणं हे त्यांचं काम. रबर थंड झालं की कडक होतं आणि दाबल्यावर चटकन पूर्ववत होत नाही. म्हणून कंपनीच्या इंजिनियरांना धास्ती होती. त्या संध्याकाळी नासाचे अधिकारी आणि कंपनी यांची फोनवर लांबलचक बैठक झाली.

इंजिनियरांचं म्हणणं होतं, ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. जानेवारी १९८५ मध्ये तेवढ्या थंडीत एक उड्डाण झालं होतं आणि त्यात वायू पहिल्या कडीच्या पलीकडे निसटल्याच्या खुणा, काळी काजळी, मिळाली होती. रॉजर बॉइसजोली या इंजिनियरने ती स्वतः पाहिली होती.

यावर उलट मुद्दा आला: ७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २४ अंश सेल्सियसला झालेल्या उड्डाणातही अशा खुणा होत्या की! थंडीतही बिघाड, उबेतही बिघाड. मग तापमानाचा संबंध कुठे उरला?

ओळखीचं वाटतंय ना? माझाच आलेख.

आता नीट बघू. ७५ अंशांचा मुद्दा शंभर टक्के खरा होता. पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? "बिघाड फक्त थंडीमुळेच होतो का?" असा प्रश्न असता, तर या एका उदाहरणाने निकाल लागला असता: नाही, फक्त थंडीमुळे नाही. त्या रात्रीचा प्रश्न वेगळा होता: "थंडीत धोका वाढतो का?" या प्रश्नाला ७५ अंशांचं एक उदाहरण ना हो म्हणतं, ना नाही. वाढतो का हे ठरवायला बिघाड झालेली उड्डाणं पुरत नाहीत. बिघाड न झालेलीही मोजावी लागतात.

अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने ती मोजली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमानाची उड्डाणं २०, त्यातल्या फक्त ३ मध्ये ओ-रिंगला इजा. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाची उड्डाणं ४, आणि चारही उड्डाणांत इजा. नुसती बिघाडाची सात उड्डाणं पाहिली तर गोंधळ, सगळी पाहिली तर चित्र लख्ख. ज्या उड्डाणांत काहीच घडलं नाही, तीच इथे सगळ्यात जास्त बोलतात.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. नासाच्या एका अधिकाऱ्याने वैतागून विचारलं, मग काय एप्रिलपर्यंत थांबायचं? वेळापत्रकाची काळजी खोटी नव्हती. पण ते "थांबलो तर काय नुकसान" या प्रश्नाचं उत्तर होतं, "उडणं सुरक्षित आहे का" याचं नव्हे. बॉइसजोलीने पुढे साक्षीत सांगितलं की, एरवी उडणं सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री मात्र ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायची पाळी आमच्यावर आली. म्हणजे प्रश्नच हळूच बदलला. शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्या इंजिनियरांचा विरोध बाजूला ठेवून होकार कळवला. सकाळी उड्डाणाच्या वेळी हवा साधारण २ अंश सेल्सियस होती. ७३ सेकंदांनी यानाचे हवेतच तुकडे झाले. सात जण गेले.

माझी समजूत अशी होती की विषयांतर म्हणजे भलतंच काहीतरी बोलणं. ओ-रिंगवर चर्चा चालू असताना क्रिकेटचा स्कोर सांगणं. ते विषयांतर कुणीही पकडतं. घातक असतं ते दुसरं, जे त्याच विषयाचं असतं पण त्या प्रश्नाचं नसतं. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने हे फार आधी ओळखलं होतं. न्यायसूत्रांत वादात हार मानली जाण्याची २२ निग्रहस्थानं दिली आहेत. त्यातलं एक आहे अर्थांतर: मूळ मुद्द्याशी संबंध नसलेलं काही मांडणं. असत्य बोललात म्हणून नाही, असंबद्ध बोललात म्हणून हरलात.

मग मुद्दा संबद्ध आहे की नाही हे ओळखायचं कसं? मी आता एक साधी युक्ती वापरते. आधी प्रश्न एका वाक्यात लिहायचा. मग स्वतःला विचारायचं, "हा मुद्दा उलटा निघाला असता, तर माझं उत्तर बदललं असतं का?" ७५ अंशांच्या त्या उड्डाणात खुणा मिळाल्याच नसत्या असं धरा. तरी थंडीतल्या चारही उड्डाणांत इजा होतीच, उत्तर तेच राहिलं असतं. याउलट उबेतल्या वीसच्या वीस उड्डाणांत इजा झाली असती तर? उत्तर पार बदललं असतं. म्हणजे वजन त्या विसांत आहे, एकट्या ७५ अंशांत नाही.

हीच युक्ती घरच्या वादातही चालते. "गाडी आत्ता घ्यायची का?" यावर "शेजाऱ्यांनी घेतली" हा मुद्दा लावून बघा. शेजाऱ्यांनी घेतली नसती तर आपला हप्ता बदलला असता का?

एक सावधगिरी मात्र हवी. "हा विषय वेगळा" असं म्हणून समोरच्याला गप्प करणं फार सोपं असतं, विशेषतः समोरची व्यक्ती ज्युनियर असेल तर. ते म्हणण्याआधी युक्ती आपल्या मुद्द्यालाही लावायची.

त्या रात्री मी जुनी वही काढली आणि चांगल्या फिल्म्सच्या तारखा शोधल्या. बहुतेक सगळ्या दमट दिवसांतल्या निघाल्या. नवा आलेख मी पुढच्या मीटिंगमध्ये दाखवला, आणि सुरुवातीलाच सांगितलं की हा प्रश्न कुणी विचारला होता.